निवांत गिटार ऐकायचीये, पण कुठली? विमान, नदी की दरी

परवा मावसभावाने विचारलं, दादा एक असा गिटारचा अल्बम सांग ज्यात कोणी गात नसेल, ऑफिसचं काम करताना लावता येईल, आणि ते पार्लरमध्ये लावतात तसलं पाणी-पक्षी-बासरी छाप काही नको. मी एका दमात तीन नावं पाठवली. त्यावर त्याचं "एकच सांग ना". आता एकच सांगायचं म्हटल्यावर माझी पंचाईत झाली कारण तिन्ही निवांत आहेत, तिन्हींत दोन-तीन प्रकारचं संगीत एकत्र आलंय, लांबीही साधारण एका एलपीएवढी, पण एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच याची अजिबात गॅरंटी नाही.

पहिला ख्रुआंगबिनचा 'द युनिव्हर्स स्माइल्स अपॉन यू', २०१५ चा. हे अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं त्रिकूट, मार्क स्पीअर गिटारवर, लॉरा ली बेस गिटारवर आणि डोनाल्ड जॉन्सन ड्रम्सवर. नावाचा अर्थ थाई भाषेत विमान, आणि उच्चार मला अजून धड जमत नाही म्हणून आमच्याकडे त्याला विमानच म्हणतात. थाई नाव का, तर साठ-सत्तरच्या दशकातलं थाई फंक, म्हणजे ठेक्यावर डोलायला लावणारं संगीत, ऐकून ऐकून या लोकांचा कान तयार झालाय. गंमत बघा, त्या थाई बँडवाल्यांनी अमेरिकन-ब्रिटिश गिटार उचलून त्यात आपल्या चाली घातल्या होत्या आणि तेच फिरून टेक्सासमधल्या बर्टन नावाच्या छोट्या गावात शेतावरच्या एका कोठारात रेकॉर्ड झालं.

ऐकायला कसं आहे? गायक आलाच नाही म्हणून गिटारलाच गायला उभं केलंय असं वाटतं. एकेक सूर, त्याला भरपूर रिव्हर्ब म्हणजे घुमारा, मधे मोकळी जागा. ड्रमवाला तर असा की ठेका धरला की धरला, उगाच तिहाया मारून आपण आहोत हे दाखवायला जात नाही. स्पीअर आणि जॉन्सन आधी चर्चच्या गॉस्पेल बँडमध्ये एकत्र वाजवायचे, तिथली सवय असावी, समोरच्याला जागा द्यायची. पण खरं सांगू का, तिसऱ्यांदा ऐकताना मला कळलं की चाल बेस पुढे नेतोय आणि गिटार त्याच्यावर आरामात टेकून बसलीये. एक सूचना, पूर्ण बिनशब्दांचा नाहीये हा, 'व्हाइट ग्लव्ज'सारख्या काही गाण्यांत शब्द आहेत, पण तेही इतके हळू की कामात व्यत्यय येत नाही.

दुसरा 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. यात अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि आपले जयपूरचे, गिटारचीच मोहनवीणा केलेले पंडित विश्वमोहन भट्ट. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये रेकॉर्ड झाला, आणि दोघांची भेट होऊन तासही झाला नव्हता. तालीम नाही, काही नाही. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी आणि दुंबेक नावाच्या हाताने वाजवायच्या ढोलावर कूडरचा १४ वर्षांचा मुलगा जोआकिम. पुढे ग्रॅमी मिळालं ते सोडा, मला भारी वाटतं ते हे की दोन अनोळखी माणसं गप्पा मारायला बसतात तेव्हा सुरुवातीला जसं अंदाज घेत बोलतात ना, तसं पहिल्या ट्रॅकमध्ये अगदी ऐकू येतं.

म्हणजे विमानाचा निवांतपणा ठेक्यातून येतो, पुढच्या मिनिटाला काय होणार हे तुम्हाला माहीत असतं. नदीवाल्यात उलटं आहे, वाजवणाऱ्यांनाच माहीत नाही काय होणार, पण कोणालाच घाई नाही. चारच ट्रॅक, त्यामुळे प्रत्येकाला चांगली दहाएक मिनिटं मिळतात. ब्लूजमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या जुन्या गाण्याबजावण्यात, सूर घसरवतात आणि आपल्याकडे मींड घेतात, लांबून सारखंच वाटतं, पण कूडर सुराच्या जवळ जाऊन रेंगाळतो आणि भट्ट सुरावरून सुरावर नेतात. हे दोन्ही शेजारी शेजारी ऐकायला मिळतं, आणि माझ्या मते या अल्बमचा खरा माल तोच. तोटा एकच, हळू भाग फारच हळू आहेत. बसमध्ये किंवा मिक्सर चालू असताना लावलात तर अर्धा अल्बम गेलाच म्हणून समजा.

तिसरा 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काब्रा, तबला माणिकराव पोपटकर. निर्माते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच! काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना, पहाटे भैरवाच्या अंगाचे राग, मग पिलू, संध्याकाळी भूप, पुढे देस, पहाडी. सगळे रागच, मग मिश्रण कुठेय म्हणाल तर वाद्यांत. संतूर काश्मिरी सुफियाना मौसिकीतलं, म्हणजे तिथल्या सूफी संगीतातलं, आणि ही गिटार हवाई पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. दोन्ही तेव्हा रागदारीत नवखीच होती. काब्रा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, भट्ट रविशंकरांचे, म्हणजे दोन्ही गिटारी शेवटी मैहर घराण्यालाच पोचतात.

पण केवळ गिटारसाठी येत असाल तर इथे ती तिघांतली एक आहे, हिशोब तसाच धरा. आणि सगळं बेतून, आखून केलंय, गप्पांचा मोकळेपणा नाही. घरात आईबाबा सोबत ऐकणार असतील तर डोळे झाकून हाच, सकाळच्या चहाला तर फारच छान.

मावसभावाला शेवटी मी सांगितलं, लॅपटॉप उघडा असेल तर विमान. तो प्रश्नच नाही, बाकीचे दोन लावलेस तर एकतर काम होणार नाही नाहीतर ऐकणं होणार नाही. पण मला स्वतःला एकच ठेवायचा झाला तर मी नदीवाला ठेवीन आणि नवख्याला शेवटचा ट्रॅक आधी लावायला सांगीन. 'इसा लेई' म्हणून फिजीतलं निरोपाचं गाणं आहे, ते ना कूडरच्या गावचं ना भट्टांच्या, त्यामुळे दोघंही पाहुण्यासारखे जपून वाजवतात आणि आपल्याला ना ब्लूज कळावा लागतो ना राग.

त्याने आधी विमानच लावलं. मग रात्री साडेअकराला मेसेज, नदीवालं चालू केलंय पण कोण कुठली गिटार वाजवतंय कळत नाहीये. अरे सोपं आहे, सूर वाजून गेल्यावर मागे काय उरतं ते ऐक. भट्टांच्या मोहनवीणेला तरफांच्या तारा आहेत, त्या आपोआप झणझणत राहतात, मागे बारीक चांदीसारखं काहीतरी चमकत राहतं. कूडरचा सूर मात्र लाकडासारखा कोरडा विझतो.