दोनवर टाळी, चारवर टाळी: पावसाळाभर ऐकलेले जॅझ गाण्यांचे अल्बम

टिळकवाडीत जून ते सप्टेंबर म्हणजे काय असतंय ते बेळगावकराला सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, पावाला दुसऱ्या दिवशी बुरशी, लाईट कधी जाईल भरवसा नाही. यंदा त्या कंटाळ्यात मी एकच काम केलं, बॅटरीवरचा स्पीकर खिडकीत ठेवला आणि जुन्या जॅझ गायक-गायिकांचे अल्बम एकेक करून पूर्ण ऐकून काढले, पूर्ण म्हणजे पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं एकही न उडवता. त्यातले कुठले ऐकावेत आणि कुठले राहिले तरी काय बिघडत नाही ते लिहितो, कारण मला सुरुवातीला सांगणारं कोण नव्हतं आणि मी दोन वर्षं चुकीच्या टोकाकडनं ऐकत होतो.

चुकीचं टोक म्हणजे ‘बेस्ट ऑफ’. पन्नास-पन्नास गाणी एकत्र कोंबलेली, कुठलं कुठल्या वर्षाचं, मागं कोण वाजवतंय, काही पत्ता नाही. एकदा तर एका ऑनलाइन दुकानातनं ‘रीमास्टर’ म्हणून सीडीचा अख्खा बॉक्स मागवला, आवाज असा की गायिका पिंपात बसून गायलीय. परत पाठवायला गेलो तर मुदत संपली म्हणे. जाऊदे.

खरं टोक सापडलं ते गल्लीतल्या काकांमुळं. काका इथल्याच मराठा रेजिमेंटच्या सेंटरमधनं रिटायर झालेले, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एका संध्याकाळी फ्रँक सिनात्रा हा अमेरिकन गायक लावून मी आपला मांडीवर ठेका धरून बसलेलो, काका छत्री मिटवत आत आले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “अरे कुठं मारालायस? आरती हाय काय ही?” चार मात्रांत मी एकवर आणि तीनवर मारत होतो. आपल्याला समेची सवय, हात आपोआप पहिल्या मात्रेवरच पडतोय. “दोनवर मार, चारवर मार. एक मोकळा सोड, तो आपोआप येतोय.” मारून बघितलं आणि काय सांगू, तेच गाणं चालायच्या ऐवजी डुलायला लागलं.

मग त्यांनी चहाच्या बशीवर चमच्यानं दुसरी गोष्ट दाखवली. एका मात्रेचे दोन तुकडे करायचे, खरं सारखे नाही, मात्रेत तीन भाग धरायचे, पहिला तुकडा दोन भागांचा आणि दुसरा एकाचा. टिंग, टिं-क टिंग, टिं-क टिंग. ढोबळ हिशोबात स्विंग म्हणजे हेच, तुकडे सारखे करा की त्याची कवायत होते. आणि गायक काय करतो तर या ठेक्याच्या जरा मागं राहतो, नाहीतर जरा पुढं पळतो, आणि नेमक्या जागेवर येऊन मिळतो. ज्यानं ख्याल ऐकलाय, ज्याला बंदिशीचा मुखडा कसा वळवून समेवर आणतात ते कळतंय त्याला यातलं निम्मं आधीच येतंय, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. गाणी पण बंदिशीसारखीच. गर्शविन, कोल पोर्टर वगैरे मंडळींनी नाटका-सिनेमासाठी केलेली, बरीचशी बत्तीस बारची (दारूचा नव्हे, चार मात्रांचा बार), मुखडा, परत मुखडा, अंतरा, परत मुखडा. तेच गाणं दहाजण गातात आणि आपण बघायचं की यानं काय केलं. म्हणून इंग्रजी शब्द निम्मे कळले नाहीत तरी घाबरायचं काय कारण नाही, आपण बेळगावची माणसं, भाजी आणायला जाऊन तीन भाषांत भांडून येतो.

आता अल्बम. पहिला डोळे झाकून ‘एला अँड लुई’, १९५६ चा. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, मागं ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, रे ब्राउनचा बास आणि बडी रिचचे ड्रम्स. अकरा गाणी. एलाचा आवाज धुतलेल्या काचेसारखा आणि लुईचा म्हणजे घशात खडी टाकून ढवळल्यासारखा, कागदावर हे जमायलाच नको, खरं ऐकताना वाटतं की दोघं ओट्यावर बसून शेंगा सोलत गप्पा मारालेत. कव्हरवरचा फोटो पण तसाच, दोघं साध्या खुर्च्यांवर, लुईचे मोजे घोट्यापर्यंत गुंडाळलेले, मोठेपणाचा कुठं पत्ता नाही. ‘चीक टू चीक’ लावा आणि लुई शब्द कुठं टाकतोय ते बघा, एकही ठेक्यावर नाही आणि एकही चुकलेला नाही. काकांनी हे ऐकताना बशी खाली ठेवली, म्हणजे समजून घ्या. आमच्या आईला इंग्रजीचा गंध नाही, मी वेळ झाली म्हणून बंद करायला गेलो तर आतनं आवाज आला, “राहूदे की, ऐकतो मी. तो खोकल्यागत गातोय तो बाबा बरा हाय.”

दुसरा एलाचाच, ‘मॅक द नाइफ: एला इन बर्लिन’, १९६० च्या फेब्रुवारीतला लाइव्ह कार्यक्रम. याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे, वैतागू नका. ‘मॅक द नाइफ’ सुरू करायच्या आधीच बाई सांगते की शब्द आठवतील अशी आशा आहे, आणि मग मधेच खरंच विसरते. थांबत नाही. पुढचं कडवं काय होतं बुवा, हेच त्या चालीत, त्या ठेक्यात, यमक जुळवत गाते, हे गाणं बॉबी डॅरिननं आणि लुईनं गायलंय आणि आता आम्ही त्याची वाट लावतोय असं पण गाऊन टाकते, वर लुईच्या खरखरीत आवाजाची नक्कल करते. याच गाण्याला पुढं ग्रॅमी मिळालं. आणि गंमत म्हणजे हे गाणं मूळचं बर्लिनचंच, ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या नाटकातलं, म्हणजे बाई गाण्याच्या माहेरी जाऊन गाण्याचे शब्द विसरली. ते नाटक आपल्याला परकं नाही, पुलंनी त्याचंच ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं, आणि पुलं काही काळ आमच्या इथल्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, त्यामुळं बेळगावनं या गाण्यावर थोडाफार हक्क सांगायला हरकत नाही (सीमाभागातल्या माणसाला हक्क सांगायची सवयच असते).

त्याच कार्यक्रमात ‘हाउ हाय द मून’ आहे. त्यात शब्द थोडेच, पुढं सगळं स्कॅट, म्हणजे डू-बी-डाब असे निरर्थक बोल घेऊन तानाबाजी. आमच्या एका मित्राला, जो तराणा डोळे मिटून ऐकतो, त्याला हे वेडेचाळे वाटले. दिर दिर तानोम चालतं आणि डाब डू बी चालत नाही, हे कसं काय ते त्याला अजून सांगता आलेलं नाही. मधेच ती दुसऱ्याच गाण्यांचे तुकडे आणून चिकटवते आणि लोकांना हसू फुटतं. मी तरी हा तुकडा आठवड्यातनं तीनदा ऐकलाय.

फ्रँक सिनात्राचे दोन सांगतो, दोन्हीतली वाद्यांची मांडणी नेल्सन रिडलची, आणि दोन्ही एकाच माणसाचे वाटत नाहीत. ‘इन द वी स्मॉल अवर्स’, १९५५, सोळा गाणी, सगळी रात्री झोप न येणाऱ्या माणसाची. तेव्हा नटी एव्हा गार्डनरबरोबरचा त्याचा संसार मोडलेला, ते सगळं ऐकू येतंय. चांगला आहे, निर्विवाद चांगला, खरं सलग सोळा म्हणजे जड होतंय, आमच्या बायकोनं नवव्या गाण्याला विचारलं, कोण गेलंय काय? दुसरा ‘साँग्ज फॉर स्विंगिन लव्हर्स’, १९५६. हा सकाळचा अल्बम. यातलं ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ ऐका, हळूहळू चढत जातं, चढत जातं आणि मग मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन असा फुटतो की बस्स. टाळी दोनवर आणि चारवर ठेवायची प्रॅक्टिस करायला याच्यासारखं गाणं नाही. काउंट बेसीच्या बँडबरोबरचा ‘सिनात्रा ॲट द सँड्स’ (१९६६, क्विन्सी जोन्सची ॲरेंजमेंट) पण लोक डोक्यावर घेतात, बँड जबरदस्तच आहे, खरं मधे सिनात्रा बोलत बसतो त्याला मी दुसऱ्यांदा पुढं ढकललं. इथं माझा न उडवायचा नियम मोडला, कबूल.

बिली हॉलिडेचा ‘लेडी इन सॅटिन’ याच्यावरनं भांडणं होतात. १९५८ चा अल्बम, पुढच्या वर्षी जुलैत ती गेली, वय चव्वेचाळीस. आवाज संपलेला आहे, चिरकतो, दम पुरत नाही, आणि मागं व्हायोलिनांचा मोठा गुळगुळीत ऑर्केस्ट्रा. पहिल्यांदा ऐकून मी बंदच केला. मग महिन्यानं परत लावला, लाईट गेलेली, बाहेर धो धो, आणि तेव्हा कळलं की ती प्रत्येक शब्द ठेवताना काय करतेय. मला कुमारजी आठवले. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व, टीबीनं एक फुफ्फुस निकामी झालं, वर्षानुवर्षं गाणं बंद, आणि परत आले ते छोटे छोटे तुकडे घेऊन, त्या तुकड्यांचंच नवं गाणं झालं. तुलना अगदी तंतोतंत बसत नाही, कुमारजी त्यातनं वर आले आणि ही बाई वर आली नाही. पण अपुरा श्वास घेऊन गाणं कसं उभं करतात ते ऐकायचं असेल तर हा घ्या. पहिला मात्र घेऊ नका, बिलीची १९३० च्या दशकातली, लेस्टर यंगचा सॅक्सोफोन असलेली रेकॉर्डिंग्ज आधी ऐका, म्हणजे काय गेलं ते कळेल.

सारा व्हॉन आणि क्लिफर्ड ब्राउन यांचा १९५४ सालच्या डिसेंबरात रेकॉर्ड झालेला अल्बम म्हणजे गळ्याची श्रीमंती. खर्जात उतरते, वर जाते, कुठं सांधा दिसत नाही. ट्रम्पेटवाला ब्राउन पुढं दीड वर्षात गाडीच्या अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा होता. ‘लल्लबाय ऑफ बर्डलँड’ मध्ये शेवटाकडं सारा आणि वाद्यं आलटून पालटून तुकडे घेतात, सवाल-जवाबच की सरळ. नॅट किंग कोलचा ‘आफ्टर मिडनाइट’ (१९५७) पण घरात असावा, मखमली आवाजाच्या प्रेमगाण्यांमुळं लोक विसरतात की हा माणूस आधी पियानोवाला होता आणि पियानोवाला म्हणून पण पहिल्या रांगेतला.

चेट बेकर मला जमला नाही. ‘चेट बेकर सिंग्ज’ सगळे सांगतात म्हणून दोनदा ऐकला, आवाज कोवळा, गोड, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं की याला कुणीतरी जेवायला वाढा. बायकोला आवडतो. घरात मतभेद आहेत.

नव्यातलं एकच नाव, सेसील मॅक्लोरिन साल्वांत. ‘ड्रीम्स अँड डॅगर्स’, २०१७, बराचसा न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातला लाइव्ह. जुनीच गाणी घेते आणि त्यातला बायकांना हिणवणारा शब्द असा गाते की गाणं लिहिणाऱ्यालाच घाम फुटावा.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर घाट उतरून बघा. नाहीतर इथंच कॅम्पातल्या कुठल्याही कोकणी घरात गोव्याच्या गायिका लॉर्नाचं नाव काढा, ख्रिस पेरीनं चाली दिलेली तिची गाणी आजी-आजोबांना तोंडपाठ, ‘बेब्दो’ ऐकून कोण म्हणेल हे जॅझ ऐकल्याशिवाय झालंय? गोव्याच्याच वादकांनी मुंबईत सिनेमाचं संगीत वाजवलं, ‘अलबेला’ मध्ये सी. रामचंद्रांच्या मागं ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते. म्हणजे स्विंग आपण १९५१ पासून लग्नाच्या वरातीत नाचतोय, नाव माहीत नव्हतं एवढंच. आशा पुथली तर मुंबईची पोरगी, सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ वर दोन गाणी गायली. तो अल्बम मात्र सोपा नाही, काका दुसऱ्या मिनिटाला उठून गेले.

शेवटचा, आणि माझा सगळ्यात आवडता, ‘जॉन कोल्ट्रेन अँड जॉनी हार्टमन’. १९६३, सहाच गाणी, अर्ध्या तासापेक्षा जरासाच जास्त. हार्टमनचा आवाज खालचा, भरदार, कुठंही घाई नाही, आणि कोल्ट्रेन, जो एरवी सॅक्सोफोनमधनं आग ओकायचा, इथं त्याच्या मागनं अदबीनं चालतो. ‘लश लाइफ’ अवघड गाणं आहे, पाय ठेवायला सरळ जागाच नाही, आणि हा बाबा फिरायला निघाल्यासारखा गातो. गोव्याला जाताना पिरनवाडी सुटली की लावतो मी, जांबोटी येईस्तोवर संपतो. परवा काका शेजारी बसलेले, पाऊस, वायपर चालू, आणि बघतो तर काका मांडीवर एकवर मारालेत. मी म्हटलं, काका, दोनवर की. तर म्हणाले, “गप बस. ह्याला टाळी नसते.”