मल्टरसोबत आठ महिने: फाइल आत घेतं, पारखत नाही

आठ महिन्यांपूर्वी ऑनलाइन अर्ज स्वीकारणाऱ्या एका पोर्टलचं बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा भाग, माझ्या गळ्यात पडलं. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि एक्सप्रेस (त्यावरचं वेब फ्रेमवर्क) आधीच ठरलेलं होतं. प्रत्येक अर्जासोबत एक फोटो आणि दोन-तीन पीडीएफ यायच्या. एक्सप्रेसचे स्वतःचे पार्सर, म्हणजे आलेला डेटा उलगडणारे भाग, जेसन आणि साध्या फॉर्मपुरतेच, फाइल आली की ते हात वर करतात. म्हणून मल्टर घेतलं, एक्सप्रेसमध्ये फाइल स्वीकारणारी लायब्ररी. फार शोधाशोध केली नव्हती, सगळे तेच वापरतात म्हणून घेतलं. आता त्याच्याबद्दल दोन शब्द बोलण्याइतका मार खाऊन झालाय.

आधी चांगलं सांगतो. ब्राउझरकडून फाइल येते ती तुकड्यांत, मधे बाउंड्री नावाची खुणेची ओळ. ते तुकडे सोडवण्याचं काम मल्टरच्या आतली बसबॉय नावाची लायब्ररी करते. मल्टर त्यातली फाइल डिस्कवर किंवा मेमरीत ठेवतं आणि तिची माहिती तुमच्या हँडलरच्या (विनंती हाताळणाऱ्या फंक्शनच्या) हातात देतं. बस्स, एवढंच. दहा-बारा ओळींत पहिली फाइल फोल्डरमध्ये पडलेली दिसते. सुरुवातीला दोन ठिकाणी अडलो, पण त्यात मल्टरचा दोष नव्हता. फॉर्मला एनकोडिंगचा प्रकार द्यायला विसरलो, तर फाइलऐवजी तिचं नुसतं नाव आलं. दुसऱ्या पानावर फेच (जावास्क्रिप्टमधून विनंती पाठवण्याची सोय) वापरताना कंटेंट-टाइप हेडर हाताने लिहिला, तर बाउंड्री सापडत नाही अशी एरर आली. तो हेडर आपण लिहायचाच नसतो, ब्राउझर स्वतः बाउंड्रीसकट लावतो.

पहिला खरा दणका तिसऱ्या आठवड्यात बसला. नको त्या प्रकारच्या फाइल अडवायला मल्टरमध्ये फाइल-फिल्टर नावाचं फंक्शन देता येतं. मी त्यात प्रकार जुळला नाही की कॉलबॅकला (मल्टरला निर्णय कळवणाऱ्या फंक्शनला) 'फॉल्स' देत होतो. मला वाटलं, फाइल नाकारली की एरर येईल. तसं होत नाही. 'फॉल्स' म्हणजे ही फाइल सोडून पुढे जा. बाकीचा फॉर्म बिनबोभाट पार पडतो, फाइलच्या जागी 'अनडिफाइन्ड', म्हणजे काहीच नाही, उरतं. अर्जदाराला 'अर्ज सादर झाला' असा हिरवा संदेश गेला आणि आमच्याकडे कागदपत्रंच नाहीत! डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, वाचलं नव्हतं मी. अडवायचं असेल तर कॉलबॅकमध्ये एरर द्या, आणि फाइल सक्तीची असेल तर ती खरंच आली का हे हँडलरमध्ये पुन्हा तपासा.

मग नावांचं प्रकरण. एका अर्जदाराने 'अर्ज.पीडीएफ' अशा नावाची फाइल चढवली, नाव देवनागरीत, एक्स्टेन्शन नेहमीचं इंग्रजी. अ‍ॅडमिनच्या पडद्यावर नावाच्या जागी डोक्यावर चिन्हं असलेल्या लॅटिन अक्षरांची माळ उमटली. मी आधी डेटाबेसवर संशय घेतला, मग पानाच्या एनकोडिंगवर. दोन्ही निर्दोष. शेवटी कच्ची विनंती उघडून पाहिली. ब्राउझरने नाव यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारं एनकोडिंग) मध्येच पाठवलेलं होतं. बसबॉयच्या १.० पासूनच्या व्हर्जनमध्ये मात्र नावाचं कॅरेक्टर सेट डिफॉल्टने लॅटिन-१, म्हणजे दर बाइटला एक अक्षर, असं धरलं जातं. 'अर्ज' म्हणजे युनिकोडच्या हिशोबात ४ चिन्हं (हलंत वेगळा मोजायचा), प्रत्येकी ३ बाइट, एकूण १२. लॅटिन-१ ने वाचलं की त्याच १२ बाइटची १२ वेगळी अक्षरं होतात. माहिती हरवलेली नसते, चुकीच्या चष्म्यातून वाचलेली असते. म्हणून उपाय एका ओळीचा: आलेलं नाव लॅटिन-१ म्हणून बफरमध्ये (कच्च्या बाइटच्या साठ्यात) घाला आणि यूटीएफ-८ म्हणून बाहेर काढा. इंग्रजी नावांवरच चाचणी करणाऱ्याला हे कधी दिसणारच नाही.

त्याच नावांनी आणखी एक गंमत दाखवली. फाइल मूळ नावानेच डिस्कवर ठेवण्याचा हट्ट आमच्याकडे कुणीतरी धरला होता (हो, मीच). लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइलसिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीत दर चिन्हाला ३ बाइट जातात, त्यामुळे एक्स्टेन्शन धरून जेमतेम ८३ चिन्हं मावतात. स्वतःचं पूर्ण नाव, कागदपत्राचं नाव आणि 'अंतिम नवीन दुरुस्त' असं सगळं फाइलच्या नावात घालणारे लोक ही मर्यादा आरामात ओलांडतात. आता डिस्कवर मल्टरचंच डिफॉल्ट नाव ठेवतो, ३२ अक्षरांचं रँडम, एक्स्टेन्शनशिवाय. मूळ नाव डेटाबेसमध्ये, फक्त दाखवण्यापुरतं. दोन जणांनी एकाच नावाची फाइल चढवली तर काय, हा प्रश्नही त्यातच मिटला.

आता शीर्षकातल्या तक्रारीकडे येतो. मल्टर फाइलचा जो प्रकार सांगतं, तो ब्राउझरने सांगितलेला असतो, आणि ब्राउझर तो बहुतेक वेळा एक्स्टेन्शन बघून ठरवतो. म्हणजे ऐकीव माहितीवर ऐकीव माहिती. एका बाईंचा फोटो सगळ्या तपासण्या पार करून आत आला आणि लघुचित्र बनवताना लायब्ररीने मान टाकली. पहिले बाइट हेक्समध्ये पाहिले. जेपीईजीची सुरुवात 'एफएफ डी८ एफएफ' अशी हवी. इथे पाचव्या बाइटपासून 'एफटीवायपी' ही अक्षरं होती. फोटो आयफोनच्या एचईआयसी प्रकारातला, फक्त एक्स्टेन्शन बदलून जेपीजी केलेलं. बाईंचा हेतू साधा होता, फॉर्म जेपीजी मागत होता म्हणून त्यांनी नाव बदललं. पण वाईट हेतूचा माणूसही नेमकं हेच करणार.

ही तपासणी फाइल-फिल्टरमध्ये करता येईल असं वाटत असेल तर तो नाद सोडा. तो चालतो तेव्हा फाइलचा मजकूर वाचलेलाच नसतो, आकारही माहीत नसतो. म्हणून आमचा क्रम असा झाला: फाइल आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये, मग पहिले बाइट तपासायचे, मग कायमच्या जागी. आणि ही कायमची जागा वेब सर्व्हरच्या उघड्या फोल्डरबाहेर हवी, यावर तडजोड नाही.

या क्रमानेही एकदा रडवलं. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत, सर्व्हरवर मात्र फाइल हलवताना 'ईएक्सडेव्ह' नावाची एरर. तात्पुरतं फोल्डर एका डिस्कवर आणि कायमचं दुसऱ्या माउंटवर (वेगळ्या जोडलेल्या फाइलसिस्टिमवर) होतं. रिनेम एकाच फाइलसिस्टिममध्ये चालतं, दोन फाइलसिस्टिममध्ये नाही. तात्पुरतं फोल्डर त्याच माउंटवर नेलं आणि प्रश्न संपला. शिवाय तिथे हलवणं क्षणात होतं, मजकूर कॉपी होत नाही.

अनाथ फाइलींचं वेगळंच. मल्टरच्या स्वतःच्या कामात एरर आली तर ते त्या विनंतीतल्या आधी ठेवलेल्या फाइल पुसतं, हे मानलं पाहिजे. पण नंतर तुमचा डेटाबेस रुसला, तर डिस्कवर पडलेली फाइल तुमची जबाबदारी. आमच्याकडे पाच महिन्यांत अशा शेकडो साठल्या होत्या. आता हँडलरच्या शेवटी साफसफाई आहे, आणि तात्पुरत्या फोल्डरमधलं एक दिवसापेक्षा जुनं सगळं रात्रीची एक स्क्रिप्ट उडवते.

मर्यादांबद्दल थोडक्यात. फाइलच्या आकाराला डिफॉल्टने मर्यादाच नाही, ती स्वतः घाला, आणि आकडा बाइटमध्ये असतो: ५ एमबी म्हणजे ५२,४२,८८०. मेमरीत साठवण्याचा पर्याय सोपा वाटतो, पण २० एमबीच्या ५० फाइल एकदम आल्या की १ जीबी रॅम गेलीच. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे. ती ओलांडली की ४१३ ('विनंती फार मोठी' असा एरर कोड) येतो आणि तुमच्या कोडपर्यंत काही पोचतच नाही. माझी एक दुपार रिकाम्या लॉगकडे बघण्यात गेली. आणि मल्टर सगळ्या रूटवर (सर्व्हरच्या पत्त्यांवर) एकदम लावू नका. जिथे फाइल अपेक्षितच नाही तिथेही ते निमूट घेत बसेल.

एक बारीक टोचणी अजून आहे. अर्ज क्रमांकानुसार फोल्डर करायचं म्हटलं तर तो क्रमांक फॉर्ममध्ये फाइलच्या आधी असावा लागतो. तुकडे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने वाचले जातात, त्यामुळे नंतरची फील्ड तोवर रिकामी असते. एचटीएमएलमधल्या दोन ओळींची अदलाबदल केल्याने बॅकएंड दुरुस्त झालं, हे सहकाऱ्याला पटवताना माझी फार दमछाक झाली.

जुन्या १.४ च्या मालिकेवर असाल तर २ वर या. २.०.० मे २०२५ मध्ये आलं आणि त्यात सर्व्हर आडवा करू शकणाऱ्या त्रुटी दुरुस्त केल्या आहेत. त्यातली एक, अर्धवट तुटलेल्या अपलोडचे स्ट्रीम बंदच न होणं. आमच्या कोडमध्ये व्हर्जनचा आकडा सोडून काही बदलावं लागलं नाही.

फोटो, पीडीएफ, काही एमबीपर्यंतच्या फाइल यांच्यासाठी मी उद्याही मल्टरच घेईन. पुढच्या महिन्यात व्हिडिओ चढवण्याचा फॉर्म येतोय. तिथे फाइल ब्राउझरकडून सही केलेल्या (ठरावीक वेळेपुरती परवानगी देणाऱ्या) लिंकवरून थेट स्टोरेजवर पाठवणार आहोत, मधे नोड नको आणि मल्टरही नको. पहिले बाइट तपासणारं फंक्शन मात्र तिथेही जसंच्या तसं नेतोय.