चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क, तीस महिने : रत्नागिरीच्या दमट हवेतला अनुभव

मार्च २०२३ मध्ये मी प्रत्येकी चार टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क विकत घेतल्या. एक टेबलावर ठेवण्याची, आत साडेतीन इंची डिस्क असलेली आणि बारा व्होल्टच्या स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारी. दुसरी खिशात मावेल अशी अडीच इंची, जिला यूएसबीच्या वायरीतूनच वीज मिळते. आज सप्टेंबर २०२५ आहे, म्हणजे तीस महिने झाले. या मुदतीत यांतली एक डिस्क मला बदलून घ्यावी लागली आणि दुसरी ‘मेली’ असे एका जाणकाराने सांगितल्यानंतरही ती आजपर्यंत उत्तम चालते आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एकेका नगावरून कंपनीची परीक्षा करणे योग्य नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीच्या डिस्कला लागू पडते.

आधी काम काय होते ते सांगतो. आमच्या गावच्या मंडळाकडे शिमग्यातल्या नमन-खेळ्यांच्या चित्रीकरणाच्या सुमारे दीडशे कॅसेट आहेत, सर्वांत जुनी १९९४ ची. व्हीएचएस, हाय-एट आणि नंतरच्या मिनी डीव्ही अशा तिन्ही प्रकारच्या. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कितीतरी कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती आणि काहींचा आवाज विरत चालला होता. त्या वेळी मृदंगावर बसणारे, संकासुराचे सोंग करणारे बरेच जण आता हयात नाहीत, त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखे नव्हते. डीव्ही पद्धतीने उतरवलेले एक तासाचे चित्रीकरण सुमारे १३ जीबी जागा घेते. आमचे एकूण २३० तासांचे काम जवळपास तीन टीबीत बसले. चार टीबीची डिस्क संगणकावर ३.६३ टीबी दिसते, त्यात फसवणूक काही नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

पहिले सोळा महिने तक्रारीला जागा नव्हती. मोठी डिस्क दिवसाला सरासरी सहा तास चालत असे, लहान डिस्क आठवड्यातून एकदा जोडून तिच्यावर दुसरी प्रत घेतली जाई. लहान डिस्कचा एक स्वभाव मात्र पहिल्याच आठवड्यात लक्षात आला. सुरुवातीला सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी या वेगाने लिहिणारी ही डिस्क बराच वेळ सलग लिहीत राहिली की वीस-पंचवीस एमबीवर येई. या डिस्कमध्ये लेखनाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, आपल्या घरावरच्या कौलांसारखे. मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात, तसे मधला एक पट्टा बदलण्यासाठी त्याच्या शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. कमी पैशांत जास्त जागा देण्याची ही रीत आहे. एकदा लिहून ठेवून द्यायच्या कामाला ती चालते. रोज खोडाखोडी होणाऱ्या कामाला मी ही डिस्क घेणार नाही.

जुलै २०२४ मध्ये, ऐन पावसात, डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये लहान डिस्कचा ‘ठीक’ सांगणारा निळा रंग इशाऱ्याचा पिवळा झाला. ‘पेंडिंग सेक्टर’ या ओळीपुढे शून्याऐवजी आठ हा आकडा होता. पेंडिंग म्हणजे डिस्कला जो भाग वाचता आला नाही आणि ज्याचा निर्णय तिने राखून ठेवला आहे, असा भाग. फायली सगळ्या उघडत होत्या, वेग तोच होता, आवाज तोच होता. आकडा पाहिला नसता तर मला काहीही कळले नसते. आठवडाभराने तो चोवीस झाला आणि संपूर्ण पृष्ठभागाची तपासणी लावली तेव्हा ती दोन ठिकाणी वाचनाच्या चुकीवर अडली.

इथे मी थोडा थांबतो, कारण बहुतेक लोक नेमकी याच जागी चूक करतात. ‘चालतेय ना, मग चालू दे’ असे म्हणून महिने काढले जातात. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी अशी कोणतीही ठळक खूण आधी दाखवलीच नव्हती. म्हणजे पिवळा रंग आला तर तो खरा मानावा, पण निळा रंग आहे म्हणून निर्धास्त झोपू नये.

मी त्याच रात्री लहान डिस्कवरची प्रत मोठ्या डिस्कवरच्या मूळ फायलींशी ताडून पाहिली. एकच फाइल वाचता आली नाही आणि तिची मूळ प्रत शाबूत होती. डिस्कला तीन वर्षांची वॉरंटी होती, त्यामुळे तीन आठवड्यांत बदली डिस्क आली. ती नवी नव्हती, दुरुस्त करून पाठवलेली होती, आणि तिला वॉरंटी मिळाली ती मूळ डिस्कची उरलेली मुदत तेवढीच. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यावरचे नमन बदलून मिळत नाही. डिस्क विकत घेताना हे वाक्य दुकानदाराने सांगायला हवे, पण कोणी सांगत नाही.

आता मोठ्या डिस्कची गोष्ट, जिच्यासाठी मुख्यतः हा अनुभव लिहायला बसलो.

जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे बावीस महिन्यांनी, एके सकाळी मोठी डिस्क जोडली तर ती फिरू लागल्यासारखी वाटली, टक् असा आवाज आला, थांबली, पुन्हा फिरू लागली, पुन्हा टक्. संगणकावर ती दिसेना. ज्याने हा आवाज एकदा ऐकला आहे त्याला पोटात गोळा येणे म्हणजे काय ते ठाऊक असेल. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका ठिकाणी फोन केला. त्यांनी फोनवर आवाज ऐकून हेड, म्हणजे तबकडीवर वाचन-लेखन करणारा भाग, गेल्याचे सांगितले आणि अठरा हजार रुपयांचा अंदाज दिला. दुसरी प्रत हाताशी होती, पण त्या बदली डिस्कवर गेल्या दोन महिन्यांत उतरवलेल्या अकरा कॅसेट चढवायच्या राहिल्या होत्या आणि त्यांतल्या दोन कॅसेटची फीत उतरवतानाच तुटली होती. त्या दोन आता फक्त या डिस्कवर होत्या.

पैसे भरायचेच असे ठरवून निघालो होतो. वाटेत आमच्या आळीतल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात सहज थांबलो. डिस्क हातात घेऊन ते म्हणाले, “मास्तर, डिस्क राहू द्या बाजूला. हिचा अडॅप्टर आणलात काय?” आणला नव्हता. घरी जाऊन घेऊन आलो.

त्यांनी मल्टिमीटर लावला. १२.१ व्होल्ट. मी म्हटले, हा तर बरोबर आहे. त्यावर काहीही न बोलता त्यांनी खणातून स्कूटरचा एक जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी लावलेल्याच होत्या, आणि तो अडॅप्टरला जोडला. बल्ब पिवळट पेटला, थरथरला, आणि मीटरवरचा आकडा नऊच्या खाली आला. “मोकळा सोडला तर बारा दाखवतो. ओझे दिले की बसतो.” मग अडॅप्टरची चिकटवलेली पेटी फोडून त्यांनी आतला एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, दाखवला. त्याचे सपाट असायला हवे ते टोक पुरीसारखे फुगले होते आणि बुडाशी तपकिरी डाग होता. पंधरा रुपयांचा कपॅसिटर बदलून त्यांनी पुन्हा बल्ब लावला. तो पांढरा लख्ख पेटला. डिस्क जोडली तर पहिल्याच खेपेला फिरली आणि आवाज न करता सुरू झाली.

असे का होते, तेही त्यांनी समजावले. साडेतीन इंची डिस्क एकदा फिरू लागली की तिला बारा व्होल्टवर अर्धा अँपियरही लागत नाही, पण थांबलेल्या अवस्थेतून वेग घेताना काही सेकंद ती दोन अँपियरच्या आसपास ओढते. अशक्त अडॅप्टर नेमका त्याच क्षणी बसतो, डिस्कचे सर्किट बंद पडून पुन्हा सुरू होते आणि हेड परत जागेवर येताना टक् वाजते. हेड खरोखर गेले तरी आवाज असाच येतो. फरक कळण्यासाठी तोच व्होल्टेज, तेवढाच किंवा जास्त अँपियर आणि पिनेची तीच दिशा असलेला दुसरा अडॅप्टर लावून पाहणे, एवढेच करायचे असते. मात्र लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पीन बसते म्हणून लावू नये. त्याने चांगली डिस्क खरोखर जळते. दुरुस्त केलेली पेटी कायम वापरू नका असे काकांनीच बजावले, म्हणून साडेतीनशे रुपयांचा नवा अडॅप्टर घेतला.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. अशा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर आयुष्य छापलेले असते, उदाहरणार्थ १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. म्हणजे ७५ अंशांना १६,००० तास आणि ६५ अंशांना ३२,००० तास. माझी डिस्क दिवसाला सहा तास चाले, पण अडॅप्टर मात्र बोर्डात चोवीस तास लावलेला असे, तोही टीव्हीखालच्या बंद कपाटात, राउटर आणि सेट-टॉप बॉक्सच्या मधोमध. बावीस महिन्यांचे तास होतात सुमारे १६,०००. पेटीच्या आतले तापमान मी कधी मोजले नव्हते, त्यामुळे हा मेळ योगायोगही असू शकेल. पण आदल्या दोन वर्षांत त्याच कपाटातल्या राउटरचा अडॅप्टर आणि सेट-टॉप बॉक्सचा पॉवर सप्लायही गेला होता, हे आठवल्यावर मला योगायोग मानणे जड जाते. काकांच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या टीव्ही, ॲम्प्लिफायर, मॉनिटर यांच्या रांगेत त्यांनी मला एकामागून एक फुगलेले कपॅसिटर दाखवले. आपण ‘टीव्ही गेला’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा पडदा आणि मुख्य पाटी धडधाकट असते, गेलेला असतो तो वीज पुरवणारा कोपरा.

डिस्कच्या स्वतःच्या आयुष्याविषयी माहितीपत्रकात दहा लाख तासांसारखे आकडे असतात. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे, आणि ते वाचून माणूस गाफील होतो. तो आकडा एका डिस्कचे वय सांगत नाही. त्याचा अर्थ वर्षाला शंभरातल्या एखादीच्या आसपास बंद पडेल, असा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवले होते की प्रत्यक्षात बदलाव्या लागणाऱ्या डिस्कचे प्रमाण बहुतेक ठिकाणी दोन ते चार टक्के असते आणि काही ठिकाणी ते तेरा टक्क्यांपर्यंत जाते. साठवणुकीची सेवा देणारी बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे आकडे प्रसिद्ध करते. तिचे २०२४ सालचे प्रमाण १.५७ टक्के होते. तो थंड, स्थिर विजेच्या डेटा सेंटरमधला आकडा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते. वीज अचानक गेली तर डिस्क फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या गतीवर वीज निर्माण करून हेड सुखरूप बाजूला घेते, हे मला वाचून फार आवडले होते. पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल तिला वाचवता येत नाही. म्हणून उतरवण्याचे काम मी आता फक्त इन्व्हर्टरवर करतो.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, घ्यावी का, असे मला मंडळातल्या मुलांनी विचारले. रोजच्या कामाला अवश्य घ्यावी. कपाटात बंद ठेवायच्या संग्रहाला मी घेणार नाही. घरगुती एसएसडी आपले ठरलेले लेखन पूर्ण करून झाल्यावर, विजेविना ३० अंशांवर तिने एक वर्ष डेटा धरून ठेवावा, एवढीच जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नव्या एसएसडीत तो अधिक काळ टिकतो हे खरे, पण आमच्या कॅसेट तीस वर्षे टिकल्या आहेत आणि मी त्याच मापाने पाहतो.

जानेवारीनंतर मी तीन बदल केले. डिस्क बंद कपाटातून काढून उघड्या फळीवर ठेवली. तिचे तापमान ४६ वरून ३८ अंशांवर आले. काम झाले की अडॅप्टरचे बटण बोर्डावर बंद करतो. आणि पावसाळ्यात लहान डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून दर पंधरवड्याला तासभर चालवतो. तापमानाचा डिस्कच्या बिघाडाशी फारसा संबंध गूगलच्या त्या अभ्यासात दिसला नव्हता, त्यामुळे पहिला बदल डिस्कपेक्षा तिच्या अडॅप्टरच्या हिताचा आहे, असे मी मानतो.

आज मोठ्या डिस्कवर ५,६०० तास नोंदले गेले आहेत, पेंडिंग सेक्टर शून्य. बदलून आलेली लहान डिस्कही शून्यावर आहे. दोघींची वॉरंटी येत्या मार्चमध्ये संपते. त्याच्या आत तिसरी डिस्क घेऊन ती पुण्याला मुलीकडे ठेवायची, असे मंडळाच्या बैठकीत ठरले आहे आणि तिच्यासाठी वर्गणी जमू लागली आहे. तुटलेल्या फितीच्या त्या दोन कॅसेट मी अडॅप्टर बदलला त्याच दिवशी सर्वांत आधी लहान डिस्कवर उतरवल्या. त्यांतल्या एकीत मृदंगावर माझे वडील आहेत.