सागवानी सेट, एल-सोफा की दिवाण? माणसांनी भरलेल्या घरासाठी

फर्निचरच्या दुकानात सगळेच सोफे चांगले दिसतात, तिथले दिवेच तसे लावलेले असतात. घरी आणल्यावर त्याच सोफ्यावर पोरं दप्तरासकट आदळतात, कुणी वरणभाताचं ताट मांडीवर घेऊन मालिका बघतं, आजी दुपारी तिथेच कलंडते आणि गणपतीत माणसं दाटीवाटीनं बसतात. अशा घरात सोफा घेताना मी एवढंच बघतो: याचं काय आधी खराब होणार, आणि तेवढंच बदलता येईल का?

क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी कापड मळतं, मग फोम बसतो आणि सांगाडा डगडगायला लागतो तो शेवटी.

सागवानी सेट (३+१+१), सुट्या गाद्यांचा

यात सांगाडा, गादी आणि खोळ ही तिन्ही वेगवेगळी. खोळ चेन उघडून धुता येते. फोम बसला तर गादीवाल्याकडून नवा कापून घ्यायचा, लाकडाला हात लावावा लागत नाही. पॉलिश उडालं तर पुन्हा करता येतं. शिवाय खुर्च्या सुट्या असल्यानं मखरासाठी हॉल रिकामा करणं सोपं जातं. बैठकीची उंची १७-१८ इंच ठेवून घेतली की गुडघे दुखणाऱ्या माणसाला हाताला धरून उठवावं लागत नाही.

पण सागवान म्हणून जे विकलं जातं ते सगळं सारखं नसतं. खोडाच्या मधला गडद भाग वाळवीला दाद देत नाही. कडेचा फिकट पांढरट भाग मात्र किडा सहज पोखरतो. गडद पॉलिश मारलं की दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सेट उलटा करून बैठकीच्या खालचं, पॉलिश नीट न पोचलेलं लाकूड बघा. सुताराकडून करून घेत असाल तर पॉलिशच्या आधी एक चक्कर मारा. बल्लारशा-चंद्रपूरकडचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘सीपी’ म्हणतात तो सागवान चांगला, पण तो मागितला आणि तोच मिळाला असं दर वेळी होत नाही.

तोटे दोन. हा सेट महाग आणि जड. आणि त्यावर मस्त लोळता येत नाही, हे मान्य करायला हवं.

कापडी एल-सोफा

लोळायला याच्यासारखं दुसरं काही नाही. घरात सिनेमे बघणारी तरुण मंडळी जास्त आणि पाहुणे कमी असतील, तर खुशाल घ्या. मात्र दुकानदार ‘सात जण बसतात’ म्हणाला तर मनात एक वजा करा, कारण कोपऱ्यातल्या जागेवर पाय कुठे ठेवायचे ते कुणालाच कळत नाही आणि ती जागा उशांच्या ताब्यात जाते.

इथे सांगाडा कापडाखाली दडलेला असतो, आणि खरी गोम तिथेच. स्वस्त सोफ्यात प्लायचे तुकडे, पॅकिंगचं लाकूड किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून दाबलेली फळी, निघतं. पार्टिकल बोर्डाला ओल लागली की स्क्रू धरत नाही. खाली ताणलेलं काळं कापड एका कोपऱ्यात सोडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान बघा. पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पाय लगेच सोबत उचलला गेला तर सांगाडा घट्ट, पण तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळवटतोय. सोफ्याच्या हातावर तुमच्या वजनानं एकदा बसूनही बघा, कारण पोरं तिथेच बसणार आहेत आणि ढिला होतो तोही आधी हातच.

लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं माप आधी घ्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर एल-सोफ्याचा विचार दोनदा करावा: डावीकडचा एल पुढच्या घरात उजवीकडे लागतो.

रेक्झिनचं थोडक्यात सांगतो: नको. सांडलेला चहा पुसता येतो हे खरं, पण पीयू (पॉलियुरेथेन) रेक्झिनचा वरचा प्लास्टिकचा थर हवेतल्या दमटपणानं हळूहळू सुटतो आणि पापुद्रे निघतात, सोफा फारसा वापरला नाही तरीसुद्धा. मुंबई-कोकणात हे लवकर होतं.

दिवाण आणि दोन खुर्च्या

एका बेडरूमच्या घरात मला हाच पर्याय सगळ्यात शहाणा वाटतो. रात्री पाहुणा झोपतो आणि खालच्या खणात गाद्या-पांघरुणं मावतात. फक्त पावसाळ्यात खण अधूनमधून उघडा ठेवा, नाहीतर कुबट वास धरतो. पाठीला लोड-तक्के लागतातच; पाठ टेकायला भिंत लांब पडते.

फोम, कुठलंही घेतलं तरी

फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो. रोज बसायच्या गादीला ३२ च्या खाली जाऊ नका, ४० चा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबून सोडला की लगेच वर येणारा) फोम मिळाला तर उत्तम. बोटानं दाबून हे कळत नाही, कारण कडक फोमही हलक्या प्रतीचा असू शकतो. वजनानं मात्र कळतं. २२ बाय २२ इंचांची, ४ इंच जाड गादी ४० डेन्सिटीची असेल तर नुसता फोम साधारण सव्वा किलो भरतो, ३२ ची असेल तर एक किलो. पाऊण किलोच भरली तर समजून घ्या. कुणी ‘१०० डेन्सिटी’ ऐकवलं तर तो बहुधा तुकडे चिकटवून दाबलेला फोम असतो. तो खालच्या थराला चालतो, पण नुसत्या त्याच्यावर बसणं म्हणजे बाकावर बसणं.

कापड घट्ट विणीचं पॉलिस्टर घ्या. मांजर असेल तर धागे वर आलेलं, फासांच्या विणीचं कापड टाळा. सुती हवंच असेल तर शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात खोळ आटते आणि चेन लागत नाही.

वॉरंटी पाच वर्षांची सांगतात, तेव्हा ती सांगाड्याची की फोमचीही, ते विचारा आणि लाकूड, डेन्सिटी, कापडाचं नाव बिलावर लिहून घ्या. खोळींचं कापड दोन-तीन मीटर जास्त घेऊन ठेवा. तीच छटा दोन वर्षांनी मिळत नाही, आणि एखाद्या गादीवर हळदीचा डाग पडणारच आहे.