छातीवरची डबी: पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्याचं परीक्षण

पत्त्यांच्या कॅटाएवढी, दीडशे-दोनशे ग्रॅमची डबी. पुढे भिंग, मधोमध मोठं बटण, वर लाल दिवा. ही पोलिसाच्या छातीवर लावली की लोकांचा पोलिसांवरचा विश्वास वाढतो, असं विकणारे सांगतात. यंत्र म्हणून ती आता बऱ्यापैकी चांगली झाली आहे. विश्वासाचं सगळं मात्र त्या बटणावर अडतं. ते कधी दाबायचं हे कोण ठरवणार, आणि टिपलेलं कोणाला पाहायला मिळणार?

कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या छोट्या शहरात 2012 पासून वर्षभर प्रयोग झाला. कोणत्या पाळीत कॅमेरा लावायचा, कोणत्या पाळीत नाही, हे सोडत काढल्यासारखं ठरवलं जायचं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी आदल्या वर्षी 24 होत्या, त्या 3 वर आल्या. विक्रीच्या गप्पांमध्ये हाच आकडा पुढे केला जातो. पण 2017 मध्ये वॉशिंग्टन डीसीतल्या तशाच प्रयोगाचा निकाल आला. तिथे पोलीस होते दोन हजारांहून जास्त, आणि बळाच्या वापरात किंवा तक्रारींत म्हणावा असा फरक पडला नव्हता. या दोन निकालांच्या मध्ये, 2016 मध्ये, अनेक पोलीस दलांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात मेख सापडते. नागरिकाशी गाठ पडताच कॅमेरा चालू करण्याचा नियम जिथे पाळला गेला तिथे बळाचा वापर घटला, आणि जिथे तो पोलिसाच्या मर्जीवर सोडला गेला तिथे उलट वाढला.

म्हणून खरेदीच्या यादीत मेगापिक्सेलच्या आधी ‘बफर’ बघा. स्टँडबायमध्येही कॅमेरा सतत चित्र घेत असतो आणि जुनं पुसत असतो. बटण दाबलं की आधीचे साधारण 30 सेकंद क्लिपला जोडले जातात, बहुतेक मॉडेलांत आवाजाशिवाय. 2017 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या एका पोलिसाला याचा विसर पडला. त्याने कचऱ्यात अमली पदार्थाची पुडी ठेवली, बाहेर रस्त्यावर जाऊन कॅमेरा चालू केला आणि परत येऊन तीच पुडी ‘शोधून काढली’. क्लिपची सुरुवात मुकी होती, पण ठेवणारा हात त्यात स्पष्ट दिसत होता. बनावट पुरावा रचल्याबद्दल पुढच्या वर्षी तो दोषी ठरला. काही मॉडेलांत बफर 2 मिनिटांपर्यंत वाढवता येतो. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, होऊ द्या.

बॅटरी साधारण 12 तासांची म्हणून विकतात. थेट प्रक्षेपण चालू ठेवलं किंवा बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी झाली की ती पाळी संपायच्या आत मान टाकते. चार्जिंगच्या खाचेत (डॉकमध्ये) नीट न बसलेला कॅमेरा चार्ज होत नाही आणि फुटेजही उतरवत नाही. सकाळी दिवे तपासायला एक माणूस नेमावाच लागतो, नाहीतर ‘बंद पडला होता’ हे उत्तर कायम तयार असतं.

जागा छातीचीच बरी, पण तिचे तोटे माहीत हवेत. गाडीत सीटबेल्ट भिंगावर येतो. दोन्ही हात पुढे धरले की अर्धं चित्र कोपरांनी भरतं. झटापटीत समोरच्याचा शर्टच दिसतो, म्हणजे नेमकं महत्त्वाच्या क्षणी पडदा काळा. चुंबकाची पकड सोपी असते, पण धावताना सुटते. त्यामानाने चिमट्याची बरी. भिंग रुंद, साधारण 140 अंशांचं असतं, त्यामुळे अंतर असतं त्यापेक्षा जास्त वाटतं. शिवाय कॅमेरा घालणारा स्वतः चित्रात नसतो. 2019 च्या एका अभ्यासात तीच घटना बॉडी कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांनी, गाडीतल्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांपेक्षा, पोलिसाने ते मुद्दाम केलं असं कमी मानलं. तक्रार तपासणाऱ्यांनी एकाच कोनावर विसंबू नये ते यासाठी.

खर्चाचं म्हणाल तर डबी स्वस्त आणि साठवण महाग. 720पी या मध्यम दर्जाच्या चित्राला तासाला दीड-दोन जीबी धरा. 100 पोलीस, रोज प्रत्येकी 2 तास: महिन्याला दहा टीबीच्या (दहा हजार जीबीच्या) आसपास. इतरांचे चेहरे आणि नंबरप्लेट पुसून प्रत द्यायला जे मनुष्यबळ लागतं, ते निविदेत कुणी लिहितच नाही. मग नागरिक आपलंच फुटेज मागतो आणि महिनोन्‌महिने ताटकळतो. इतका मनस्ताप दिल्यावर कॅमेरा नसता तरी काय बिघडलं असतं, असं त्याला वाटलं तर नवल नाही.

फुटेज किती दिवस ठेवायचं, हे तक्रारीच्या मुदतीशी जुळवून ठरवा. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत पुरावा म्हणून खूण न केलेलं फुटेज 31 दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मुदत छोटी ठेवली तर खासगीपण जपलं जातं, हे खरं. पण तक्रार करायला दोन महिने दिले आणि फुटेज एकाच महिन्यात गेलं, तर ती तक्रार जन्मतःच अधू. तक्रार नोंदताक्षणी ते फुटेज गोठवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

नियमावलीत तीन गोष्टी हव्यातच. ‘रेकॉर्डिंग चालू आहे’ हे समोरच्याला सुरुवातीलाच सांगायचं. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती किंवा खबऱ्या समोर असेल तर कॅमेरा बंद करता येईल, पण कारण आधी मोठ्याने बोलून. आणि बळाचा वापर झाला असेल तर पोलिसाने आधी जबाब लिहायचा, मग फुटेज पाहायचं. उलट क्रमाने केलं की आठवण चित्राप्रमाणे वळते आणि जबाब हे फुटेजचं वर्णन होऊन बसतं. तिसरी अट बहुतेक ठिकाणी वगळली जाते.

वरिष्ठांनी दर महिन्याला चिठ्ठी काढून काही क्लिपा पाहायच्या आणि पोलीस ज्या कॉलवर गेला त्यांच्या नोंदींशी ताडायच्या. कॉल 14, क्लिपा 9 असं निघालं तर उरलेल्या 5 चं कारण त्याच आठवड्यात विचारायचं. हे काम करायला माणूस नसेल तर एवढ्यात खरेदी करू नका.

डेमोला कॅमेरा टेबलावर ठेवून बघू नका. गणवेशावर लावा, जिना पळत चढा, गाडीत बसून उतरा, एका सहकाऱ्याशी थोडी ओढाताण करा, आणि मग क्लिप लावा. बोलणं ऐकू येतं का? चेहरे ओळखू येतात का? आणि डबी अजून छातीवरच आहे ना?