जुने इंजिन आणि गिअरबॉक्स: बसवण्याआधीची तपासणी

अपघातग्रस्त गाडीतून काढलेले हे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि त्याचा मॅन्युअल गिअरबॉक्स विक्रेत्याने ‘चालू स्थितीत’ म्हणून विकला. परंतु बसवल्यानंतर दोष निघाला तर उतरवण्या-चढवण्याची मजुरी पुन्हा भरावी लागते, म्हणून दोन्हींची तपासणी आधीच करून घेतली. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका नव्हता, म्हणजे तेलात कूलंट मिसळल्याची खूण दिसली नाही. सर्व प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवल्यावर तीन सिलिंडरांत सुमारे १७५ पीएसआय (दाबाचे एकक) कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने आत दाबलेल्या हवेचा दाब, मिळाले, चौथ्यात मात्र जेमतेम १४०. त्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजले तरी आकडा वाढला नाही; पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून तो वाढला असता, त्यामुळे संशय रिंगांवरून व्हॉल्व्हवर गेला. लीकडाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून गळते ते पाहताना, एक्झॉस्टच्या तोंडाशी हवेचा फुसफुसाट स्पष्ट ऐकू आला आणि तो संशय पक्का झाला.

गिअरबॉक्स मात्र उत्तम निघाला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर नेहमीच्या झिजेचा करडा, मऊ लेप होता, दातांचे तुकडे नव्हते, आणि इनपुट शाफ्ट हाताने फिरवताना प्रत्येक गिअर विनासायास पडत होता.

आकडे पाहून विक्रेत्याने हेडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात बसतात त्या इंजिनच्या वरच्या भागाच्या, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा केला, हे निश्चितच कौतुकास्पद आहे. तरीही कॉम्प्रेशनचे आकडे त्याने विक्रीपूर्वी स्वतःहून द्यायला हवे होते. हेडच्या दुरुस्तीबरोबरच टायमिंग बेल्ट, क्रँकचे मागचे सील आणि क्लच प्लेट इंजिन बाहेर असतानाच बदलून घेतली, कारण नंतर त्या सीलपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.