वाळवंटात गाडीतून पाणी न्यायचं कशात: गाडीत बसवलेली टाकी की २० लिटरचे कॅन?

कडक उन्हात प्यायलाच माणशी रोज ८ लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे ९६, वर राखीव ४०.

टाकीचं वजन खाली राहतं, नळ फिरवला की पाणी. पण खडबडीत वाटेवर जोडाजवळ चीर गेली की सगळं वाळूत! शिवाय आत आडवे पडदे नसतील तर अर्ध्या टाकीतलं पाणी हिंदकळून गाडी डोलते.

भरलेला कॅन उचलायचा म्हणजे २० किलो. मात्र एक फुटला तरी बाकीचे शाबूत, आणि गाडी रुतली तर उतरवून हलकी करता येते. गळती बहुधा झाकणाच्या रबरी वायसरातून. निघण्यापूर्वी कॅन तासभर आडवा ठेवून बघा. टपावर बांधू नका, आडव्या उतारावर गाडी कलंडते.

स्वतःची गाडी, वरचेवर फेऱ्या: टाकी, सोबत दोन कॅन. भाड्याची गाडी: फक्त कॅन.